पाणी किती मोल तयार झालं?

५० मिली १.० मोलर (म्हणजे लिटरमागे १.० मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ५० मिली १.० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही २८.० अंश सेल्सिअसवर. एकत्र ओतल्यावर तापमान ३४.६ पर्यंत चढलं. उदासिनीकरणाची एन्थाल्पी, म्हणजे आम्ल-आम्लारीपासून एक मोल पाणी होताना उष्णतेत होणारा बदल, काढा.

नंदनवनपासून धरमपेठेपर्यंत नागपुरातल्या कुठल्याही क्लासच्या फळ्यावर हे गणित आकडे थोडे बदलून दिसेल. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: उष्णता म्हणजे वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता गुणिले तापमानातला फरक. तरी एकाच बाकावरच्या चार पोट्ट्यांच्या वहीत चार उत्तरं निघतात. ५५.२, उणे ५५.२, ५५,१७६ आणि २७.६. यातलं २७.६ सगळ्यात लबाड, कारण तिथे पोचायचे रस्ते दोन आहेत. कोणी वस्तुमान ५० ग्रॅम घेतो आणि बाकी सगळं बरोबर करतो. कोणी वस्तुमान १०० ग्रॅम बरोबर घेतो, पण शेवटी आम्लाचे आणि आम्लारीचे मोल जोडून ०.१० ने भागतो. दोघांची चूक वेगळी, उत्तर एकच. शेजाऱ्याशी ताडून पाहिलं तर जुळतं, मग दोघेही निश्चिंत. बहुपर्यायी प्रश्नात अर्धं उत्तर पर्यायांमध्ये हमखास बसवलेलं असतं, ते याचमुळे.

बरोबर मांडणी अशी:

मिश्रणाचं वस्तुमान = ५० + ५० = १०० ग्रॅम
तापमानातला फरक = ३४.६ − २८.० = ६.६ अंश
द्रावणाने घेतलेली उष्णता = १०० × ४.१८ × ६.६ = २७५८.८ ज्यूल
तयार झालेलं पाणी = ०.०५० लिटर × १.० = ०.०५० मोल
एन्थाल्पी = −२७५८.८ ÷ ०.०५० = −५५,१७६ ज्यूल, म्हणजे −५५.२ किलोज्यूल प्रति मोल

यातली चौथी ओळ खरं तर पहिली लिहायला हवी. तापमान, वस्तुमान, काही न बघता आधी एवढंच लिहायचं: पाणी इतके मोल तयार झालं. अख्ख्या गणिताचा कणा हा आकडा आहे आणि पेपरात तो आयता दिलेला नसतो. तापमान छापलेलं असतं, घनफळ छापलेलं असतं, पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८ सुद्धा बहुतेक वेळा छापलेली असते. मोल तेवढे आपल्याला काढावे लागतात, म्हणून गडबडही तिथेच.

चिन्हाचं म्हणाल तर द्रावण तापलं म्हणून द्रावणाची उष्णता धन, आणि ती अभिक्रियेतून आली म्हणून अभिक्रियेची एन्थाल्पी ऋण. तापमानाच्या फरकात २७३ मिळवायचे नाहीत. फरक सेल्सिअसमध्ये घ्या की केल्विनमध्ये, ६.६ चा ६.६ च राहतो. याहून जास्त यावर बोलण्यासारखं काही नाही.

शब्दांबद्दल मात्र थोडं बोलायला हवं, कारण हा घोळ खास आपल्याकडचा आहे. शाळेच्या मराठी पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून क्षार आणि पाणी तयार होतं. हिंदी पुस्तकात ‘क्षार’ म्हणजे नेमकी आपली आम्लारी, आणि मिठासारख्या पदार्थाला ते ‘लवण’ म्हणतात. नागपुरात एकाच बाकावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं बसतात, आणि यूट्यूबवरचे तास बहुतांश हिंदीत. ‘क्षार ज़्यादा है’ असं ऐकून मराठी मुलगा मीठ जास्त समजतो आणि कोणता अभिकारक उरला ते उलटं लिहून बसतो. वहीत सोडियम हायड्रॉक्साइडला सरळ ‘कॉस्टिक’ लिहावं. तिन्ही माध्यमांना तो एकच कळतो.

आता वर्षभर पुरेल असा एक आकडा: ६.८५.

समान घनफळाची, समान मोलॅरिटीची तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी मिसळली की प्रत्येकाची संहती निम्मी होते. म्हणजे १ मोलर द्रावणं घेतली तर मिश्रणाच्या लिटरमागे अर्धा मोल पाणी तयार होतं. तीव्र आम्ल-आम्लारीसाठी पुस्तकी आकडा पाण्याच्या मोलमागे ५७.३ किलोज्यूल, म्हणून उष्णता त्याच्या अर्धी, २८.६५ किलोज्यूल. ती १००० ग्रॅम द्रावणाला तापवते: २८,६५० ÷ ४१८० = ६.८५ अंश. या हिशेबात मिलिलिटर कुठेच आले नाहीत. म्हणून ५० आणि ५० घ्या, १०० आणि १०० घ्या, नाहीतर बादलीत दहा-दहा लिटर ओता, आदर्श स्थितीत तापमान तेवढंच चढतं. उष्णता दुप्पट झाली खरी, पण तापवायचं पाणीही दुप्पट झालं. ‘१०० मिलीऐवजी २०० मिली घेतले तर तापमानवाढ किती पट?’ या प्रश्नाला ‘दुप्पट’ म्हणणारे याच खड्ड्यात पडतात. संहती दुप्पट केली तर मात्र वाढ दुप्पट: २ मोलरला १३.७, ०.५ मोलरला ३.४, ०.१ मोलरला जेमतेम ०.६९. नीट आणि सीईटीत कॅल्क्युलेटर नसतो, तिथे ६.८५ गुणिले मोलॅरिटी एवढ्यावर पर्याय निवडता येतो. आकडेमोड करायचीच असेल तर आधी पर्याय किती लांब आहेत ते बघा. लांब असतील तर ४.१८ ऐवजी ४.२ घेऊन मोकळे व्हा.

घनफळं किंवा संहती वेगवेगळ्या असल्या की हा आखूड रस्ता बंद. मग दोन्हीचे मोल काढायचे आणि कमी असलेल्याला धरायचं. ७५ मिली ०.८० मोलर आम्ल म्हणजे ०.०६० मोल, ५० मिली १.० मोलर कॉस्टिक म्हणजे ०.०५० मोल. पाणी ०.०५० मोलच होणार आणि ०.०१० मोल आम्ल नुसतं बसून राहणार. पण बसून राहिलं तरी तापायचं त्यालाही आहे! मोल मोजताना उरलेलं आम्ल सोडायचं, वस्तुमान मोजताना सोडायचं नाही. १२५ ग्रॅमच घ्यायचे: २८६५ ÷ (१२५ × ४.१८) = ५.४८ अंश. लग्नात जेवायला आलेले सगळेच पंगतीला बसतात, कामाला हात लावलेला असो वा नसो. वस्तुमान म्हणजे ही पंगत.

दोन द्रावणांचं सुरुवातीचं तापमान वेगळं असेल तर सरासरी घ्या, पण वजनासकट. १०० मिली २६.० वर आणि ५० मिली २९.० वर असेल तर सुरुवात २७.५ नाही, (२६०० + १४५०) ÷ १५० = २७.० आहे. अर्ध्या अंशाचा हा फरक किरकोळ वाटतो. पण सहा-सात अंशांच्या वाढीत अर्धा अंश म्हणजे सात-आठ टक्के चूक.

प्रत्यक्ष प्रयोगात तापमानं वेगळी का निघतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा कॉस्टिकच्या बाटलीत असतं. घन सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळताना मोलमागे सुमारे ४४.५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. लिटरभर १ मोलर द्रावण करायला ४० ग्रॅम घातले तर ते आपसूकच साडेदहा अंशांनी तापतं. सकाळी करून अर्ध्या तासात वापरायला घेतलेलं द्रावण अजून कोमट असतं, आम्ल मात्र खोलीच्या तापमानाला. मग ‘सुरुवातीचं तापमान’ म्हणून फक्त आम्लाचं लिहिलं की एन्थाल्पी ऐंशी-नव्वदच्या घरात जाते आणि मुलं खूश होतात की उष्णता अजिबात वाया गेली नाही. द्रावण आदल्या दिवशी करून ठेवावं, बाटली घट्ट लावावी. दोन्ही बाटल्यांत तापमापी बुडवून वाचावं, आणि एकीतून दुसरीत जाताना तापमापी धुऊन पुसावा. आम्लाचा थेंब कॉस्टिकमध्ये गेला की तिथेच अभिक्रिया सुरू.

भांड्याबद्दल पुस्तकं थर्मोकोलचे दोन कप एकात एक बसवायला सांगतात. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्मोकोलच्या एकदाच वापरायच्या कप-ताटल्यांवर बंदी आहे आणि टपरीवर चहा कागदी कपात मिळतो, त्यामुळे हा सल्ला इथे जरा कालबाह्य झालाय. दोन कागदी कप एकात एक घालून, टीव्हीच्या खोक्यातून निघालेल्या थर्मोकोलच्या तुकड्यात भोक करून त्यात बसवले तर काम होतं. वर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला तापमापीपुरतं भोक. स्टीलचा पेला घेऊ नये. तो उष्णता झटकन बाहेर देतो, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल स्टीलला खातं. नुसतं काचेचं चंचुपात्र (बीकर) त्याहून फसवं, कारण दिसायला शास्त्रीय असतं. काचेची विशिष्ट उष्माधारकता साधारण ०.८४. शंभर ग्रॅमचं चंचुपात्र अंशामागे ८४ ज्यूल गिळतं, म्हणजे १०० ग्रॅम द्रावणाच्या ४१८ ज्यूलच्या पाचवा हिस्सा!

भांडं किती गिळतं ते मोजायला आम्लही लागत नाही. कपात ५० ग्रॅम साधं पाणी घ्या, २८.० अंशांवर. दुसरीकडे ५० ग्रॅम पाणी ४८.० ला तापवून त्यात ओता. काही वाया गेलं नसतं तर बरोबर ३८.० आलं असतं. समजा ३७.६ आलं.

गरम पाण्याने दिलेली उष्णता = ५० × ४.१८ × १०.४ = २१७३.६ ज्यूल
थंड पाण्याने घेतलेली = ५० × ४.१८ × ९.६ = २००६.४ ज्यूल
बाकीची भांड्याने घेतली = १६७.२ ज्यूल
भांड्याची उष्माधारकता = १६७.२ ÷ ९.६ = १७.४ ज्यूल प्रति अंश

भागायचं ९.६ ने, १०.४ ने नाही. भांडं थंड पाण्यासोबत २८ वर होतं, म्हणून तेही तेवढंच चढलं. जुन्या पुस्तकांत हाच आकडा ४.१८ ने भागून ‘जलतुल्यांक’ म्हणून देतात. इथे तो ४.२ ग्रॅम येईल. गणितात जलतुल्यांक दिला असेल तर तो सरळ द्रावणाच्या ग्रॅममध्ये मिळवायचा आणि पुढे जायचं, वेगळी ओळ लागत नाही.

पहिल्या गणितात भांड्याची उष्माधारकता १५ ज्यूल प्रति अंश दिली असती तर २७५८.८ मध्ये १५ × ६.६ = ९९ मिळवले असते. २८५७.८ ÷ ०.०५० = ५७.२ किलोज्यूल. म्हणजे ५५.२ आणि ५७.३ मधली जवळजवळ सगळी दरी एका कागदी कपाने आणि तापमापीने खाल्लेली असू शकते. त्यामुळे ‘प्रयोगातील त्रुटी’ या सदराखाली नुसतं ‘उष्णता वातावरणात गेली’ लिहिलेलं वाचलं की मला ते अर्धवट वाटतं. वातावरणात किती आणि भांड्यात किती, हे वेगळं करता येतं.

वातावरणाचा हिशेब आलेखावर होतो. दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं, पहिली तीन मिनिटं नुसतं आम्लाचं. तिसऱ्या मिनिटाला कॉस्टिक एकदम ओतायचं, थेंब थेंब नाही, आणि हलक्या हाताने ढवळत वाचत राहायचं. नमुन्यादाखल हे आकडे बघा. खोली २८ अंशांवर आहे. तिसऱ्या मिनिटापर्यंत २८.०, साडेतीनला ३४.२, चौथ्याला ३४.५, पाचव्याला ३४.४, सहाव्याला ३४.३, सातव्याला ३४.२. डोळ्यांना दिसलेलं सर्वोच्च तापमान ३४.५. पण उतरती रेषा मिनिटाला ०.१ ने घसरतेय. पट्टी लावून ती मागे तिसऱ्या मिनिटापर्यंत ओढली की ३४.६ मिळतात, आणि वरच्या गणितातला आकडा तोच आहे. ०.१ चा हा फरक उत्तरात ०.८ किलोज्यूलने दिसतो. साडेतीनचं वाचन रेषेत धरायचं नाही, तेव्हा मिश्रण आणि तापमापी दोन्ही सावरत असतात. तापमापीचा फुगा कपाच्या बुडाला टेकला असेल तर आणखी अर्धा मिनिट जातं.

आता नागपूरचा उन्हाळा. पुस्तकातली सगळी वाक्यं ‘उष्णता बाहेर निसटते’ असं गृहीत धरून लिहिलेली आहेत. मे महिन्यात खोली ४० अंशांवर आहे आणि द्रावणं माठाच्या पाण्यात केली म्हणून २७ वर आहेत, असं धरा. अभिक्रिया झाल्यावर मिश्रण ३३.६ वर, म्हणजे अजूनही खोलीपेक्षा थंडच! उष्णता बाहेर जात नाही, आत येते. आलेखातली रेषा उतरण्याऐवजी चढते. कपातलं तापमान मिसळण्याआधीही चढतच होतं. अशा वेळी सर्वोच्च तापमान धरलं तर एन्थाल्पी जास्त निघते, आणि खाली सवयीने ‘उष्णता निसटल्यामुळे उत्तर कमी’ असं लिहिलेलं असतं. दोन्ही रेषा, आधीची आणि नंतरची, ओतण्याच्या क्षणापर्यंत ओढून त्यांच्यातलं उभं अंतर घेणं हाच इथे उपाय. कूलर चालू असेल तर बंद करा. त्याचा झोत कपावर आला की बाष्पीभवनाचा तिसरा हिशेब सुरू होतो, आणि तो कुठल्याच रेषेत बसत नाही.

एक जुनी युक्ती इथे फार कामाची आहे. सुरुवात खोलीपेक्षा अपेक्षित वाढीच्या निम्म्याने खाली करायची. खोली २८ असेल तर द्रावणं २४.७ वर आणायची, मग शेवट ३१.३ वर होतो. आधी जेवढी उष्णता आत येते, साधारण तेवढीच नंतर बाहेर जाते. पूर्ण फिटंफाट होत नाही, पण चूक बरीच आटोक्यात येते.

तापमापीचा किमान अंक हा वेगळाच घोर आहे. एक अंशाच्या खुणा असलेल्या तापमापीवर प्रत्येक वाचनात अर्ध्या अंशाची शंका असते. दोन वाचनांच्या फरकात ती एक अंशापर्यंत जाऊ शकते. ६.६ मध्ये १.० म्हणजे पंधरा टक्के. ०.१ मोलर द्रावणाने हा प्रयोग करायला दिला तर वाढ ०.६९ अंश, शंका त्याहून मोठी. म्हणजे काहीच मोजलं नाही. दशांशाच्या खुणांचा तापमापी नसेल तर २ मोलर द्रावणं वापरा. वाढ १३.७ होते आणि टक्केवारीतली चूक अर्ध्यावर येते. त्या बदल्यात ४.१८ आणि घनता १ ही दोन गृहीतकं थोडी ढिली पडतात. मिठाच्या द्रावणाची घनता १ पेक्षा जास्त असते आणि विशिष्ट उष्माधारकता ४.१८ पेक्षा कमी. दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. उदाहरणार्थ ०.५ मोलर मिठाच्या द्रावणाची घनता सुमारे १.०२ आणि उष्माधारकता ४.०३ च्या आसपास, गुणाकार ४.११. शुद्ध पाण्याच्या ४.१८ पासून फार लांब नाही. म्हणूनच हा सरधोपट हिशेब इतकी वर्षं टिकला.

आणि मुळात ५७.३ आला कुठून? जुन्या एककांत तो १३.७ किलोकॅलरी. २५ अंशांवर अतिविरल द्रावणांसाठी निर्मितीच्या एन्थाल्पीवरून काढलं तर पाण्याचे −२८५.८३ वजा हायड्रॉक्साइड आयनाचे −२२९.९९, म्हणजे −५५.८४. दोन्ही आकडे खरे आहेत. ही एन्थाल्पी तापमानाबरोबर अंशामागे सुमारे ०.२२ किलोज्यूलने बदलते, त्यामुळे १८ अंशांवर ती सत्तावन्नच्या वर असते आणि ३५ अंशांवर त्रेपन्न-चौपन्नच्या आसपास उतरते. त्यात संहत द्रावणं वापरली तर विरलनाची उष्णताही मिसळते. परीक्षेत जो आकडा दिलाय तो वापरायचा. प्रयोगवहीत मात्र उन्हाळ्यात ५४ आलं म्हणून खाडाखोड करून ५७ करू नये, ते ५४ बरोबर असू शकतं.

तीव्र आम्ल कोणतंही असलं तरी आकडा जवळपास तोच का येतो, याचं उत्तर आऱ्हेनियस यांच्या १८८७ च्या आयनीभवनाच्या सिद्धांतात मिळालं. प्रत्यक्ष अभिक्रिया एकच आहे, हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी. सोडियम आणि क्लोराइड बाजूला उभे राहून बघतात.

सल्फ्युरिक आम्लाशी मात्र जपून. ५० मिली ०.५० मोलर सल्फ्युरिक आणि ५० मिली १.० मोलर कॉस्टिक: आम्ल ०.०२५ मोल, पाणी ०.०५० मोल. प्रश्न ‘प्रति मोल आम्ल’ विचारतो की ‘प्रति मोल पाणी’, ते दोनदा वाचा. परीक्षेतलं अपेक्षित उत्तर अनुक्रमे −११४.६ आणि −५७.३. प्रयोगात मात्र पाण्याच्या मोलमागे ६६-६७ येतात, आणि मुलांना वाटतं तापमापी बिघडला. बिघडलेला नसतो. या संहतीला सल्फ्युरिकचा दुसरा हायड्रोजन बायसल्फेटमध्येच (पहिला सुटल्यावर उरलेल्या आयनात) बहुतांश अडकलेला असतो. तो सुटताना आणखी सुमारे २२ किलोज्यूल बाहेर पडतात. पहिला हायड्रोजन ५५.८, दुसरा ५५.८ अधिक २२, सरासरी ६६.८.

सौम्य आम्लांच्या बाबतीत एक गैरसमज पक्का बसलेला आहे: आयन कमी, म्हणून अभिक्रिया कमी, म्हणून उष्णता फार थोडी. तसं नाही. कॉस्टिक हायड्रोजन आयन उचलत जातं, तसतसे आम्लाचे रेणू तुटत जातात आणि शेवटी सगळं आम्ल संपतं. फरक पडतो तो तोडायला लागलेल्या ऊर्जेचा. ॲसेटिक आम्ल आणि कॉस्टिकचा पुस्तकी आकडा −५५.२, म्हणून आयनीभवनाची एन्थाल्पी −५५.२ − (−५७.३) = +२.१. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिकचा −५१.५, म्हणून +५.८. हायड्रोसायनिकचा −१२.१, म्हणजे तिथे ४५.२ तोडण्यातच गेले. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असूनही −६८.६ देतं, कारण फ्लोराइड आयनाभोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट जमतात की तुटणंच उष्णतादायी ठरतं. ‘सौम्य आम्ल म्हणजे ५७.३ पेक्षा कमी’ हा नियम पाठ करणाऱ्यांसाठी परीक्षक हेच आम्ल राखून ठेवतात. ते काच खातं आणि त्वचेतून आत शिरतं, म्हणून त्याचं गणित कागदावरच राहू द्या.

शेवटचा प्रकार म्हणजे घन कॉस्टिक सरळ आम्लात टाकण्याचा. जर्मेन हेस यांचा १८४० चा नियम इथे जसाच्या तसा लागतो. २.० ग्रॅम कॉस्टिक म्हणजे ०.०५० मोल, १०० मिली ०.५० मोलर आम्लात. विरघळण्याचे ४४.५ आणि उदासिनीकरणाचे ५७.३, मिळून १०१.८ किलोज्यूल प्रति मोल. उष्णता ५०९० ज्यूल. वस्तुमान १०२ ग्रॅम, त्या दोन ग्रॅमना विसरू नये. वाढ ५०९० ÷ (१०२ × ४.१८) = ११.९ अंश, त्यातले ५.२ विरघळण्याचे आणि ६.७ उदासिनीकरणाचे.

पावसाळ्यात हाच प्रयोग केला की १०.७ च्या आसपास येतं आणि एन्थाल्पी ९१-९२ निघते. कपाला दोष देण्याआधी कॉस्टिकच्या बाटलीत बघा. गोळ्या एकमेकांना चिकटल्या असतील, वर ओलसर चकाकी असेल, तर हवेतलं पाणी त्यांनी ओढलंय. २.० ग्रॅममध्ये दहा टक्के पाणी असेल तर कॉस्टिक ०.०४५ मोलच भरलं, आणि आपण भागलं ०.०५० ने. मिश्रणात निळा लिटमस बुडवला तर तो लाल होतो, कारण ०.००५ मोल आम्ल अजून तसंच शिल्लक आहे. उरलेल्या मिश्रणाचं प्रमाणित (नेमकी संहती माहीत असलेल्या) कॉस्टिकने अनुमापन करा, म्हणजे आम्ल संपेपर्यंत ते मोजून घाला, किती आम्ल उरलं ते काढा, आणि ०.०५० मधून ते वजा करून पाण्याचे मोल पुन्हा लिहा.